आधी यादी कोण करतं ते बघ

येरवड्यातल्या एका वस्तीत काम करणाऱ्या, एम.एस.डब्ल्यू. झालेल्या एका मुलीने विचारलं आहे: "ताई, युद्धातून गेलेल्या लोकांमध्ये भांडण पुन्हा पेटू नये, त्यांनी एकमेकांशेजारी नीट नांदावं, यासाठी मला काम करायचंय. रोजच्या रोज हे काम असतं तरी काय? दोन बाजूंच्या लोकांना एकत्र बसवून खरंच काही होतं का? आणि पुण्यातून यात शिरायचं कसं? घरी तर नाहीच म्हणतात."

ताई म्हणालीस, म्हणून मीही अगं-तुगंवरच येते. मी या कामात एकवीस वर्षं आहे. श्रीलंकेचा उत्तर भाग, नेपाळची तराई आणि आसामचा बोडो पट्टा अशा तीन ठिकाणी राहून काम केलं. मधल्या काळात पुण्यात येऊन शिकवलं. तुझ्या प्रश्नांची उत्तरं तू विचारलीस त्याच क्रमाने देते, पण पहिल्यावर जास्त वेळ थांबणार आहे, कारण बाकी सगळं त्यातूनच निघतं.

बाहेर या कामाला सोशल कोहेजन (समाजातली एकजूट), पीसबिल्डिंग (शांतता उभारणं) अशी भारदस्त नावं आहेत. प्रत्यक्षात माझे बहुतेक दिवस याद्यांवर गेले. घर कुणाला मिळणार, शिवणयंत्र कुणाला, कुठल्या पाड्याला आधी पाणी, बैठकीला कोणाला बोलवायचं. युद्ध संपलं की गावात बंदुका उरत नाहीत, पण मदत येते आणि मदतीबरोबर यादी येते. ती यादी कोण करतं, कोणत्या कागदावरून करतं आणि कोण त्यातून सुटतं, हे ज्याला दिसत नाही त्याने चांगल्या मनाने केलेलं कामसुद्धा गाव फोडतं.

हे मला कळलं ते स्वतःच्या चुकीमुळे. मन्नार जिल्हा, २०११ साल. श्रीलंकेतली यादवी मे २००९ मध्ये संपली होती. पण मन्नारची एक जुनी जखम त्याआधीची. ऑक्टोबर १९९० मध्ये वाघांनी, म्हणजे एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेने, उत्तरेतल्या सगळ्या मुसलमानांना घराबाहेर काढलं होतं. सुमारे ७५ हजार माणसं. बहुतेक जण दक्षिणेला पुत्तलमला गेले आणि तिथल्या छावण्यांत वीस वर्षं राहिले. युद्ध संपल्यावर ते परत येऊ लागले. त्याच वेळी शेवटच्या लढाईत उठलेली तमिळ कुटुंबंही छावण्यांतून परतत होती. मन्नारमध्ये त्यातली बरीच कॅथलिक. दोघांची भाषा एकच, तमिळ. दोघांचंही घर पडलेलं, शेतात रान माजलेलं. पण मदतीच्या योजनांमध्ये "नवे विस्थापित" आधी आणि १९९० चे "जुने विस्थापित" नंतर, असा क्रम होता.

आमच्या संस्थेकडे विहिरी दुरुस्त करायचं काम होतं. मी गावच्या ग्रामाधिकाऱ्याकडून कुटुंबांची यादी घेतली, जिथे जास्त घरं तिथली विहीर निवडली, गाळ काढला, खोल केली, कठडा बांधला. फोटो काढले. कागदावर एकही चूक नव्हती. मी फक्त एवढं विचारलं नव्हतं की परतलेल्या मुसलमान कुटुंबांची नोंद कुठे आहे. ती अजून पुत्तलममध्येच होती. शिधा तिथला, मतदान तिथलं, मुलांच्या शाळा तिथल्या. गावात तीसेक घरं उभी राहत होती आणि माझ्या यादीत ती नव्हतीच.

उन्हाळ्यात त्यांची जुनी विहीर मचूळ झाली. बायका आम्ही दुरुस्त केलेल्या विहिरीवर आल्या. पहिले काही दिवस पाणी मिळालं, मग टोमणे सुरू झाले. "तुम्ही इथल्या कुठे?" असं एका तमिळ बाईने एका मुसलमान मुलीला विचारलं. ती मुलगी जन्मली पुत्तलमच्या छावणीत, पण तिच्या आजोबांच्या नावाचं जमिनीचं खत तिच्या आईने वीस वर्षं प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं. एका सकाळी घडा फुटला, आणि संध्याकाळी दोन्हीकडची पोरं काठ्या घेऊन रस्त्यावर उभी होती. मारामारी झाली नाही, कारण चर्चचे फादर आणि मशिदीचे एक वयस्कर विश्वस्त मधे येऊन उभे राहिले. १९९० च्या आधी दोघं एका शाळेत शिकलेले. ती विहीर मी दुरुस्त करून दिली होती आणि ते भांडणही माझ्याच यादीतून आलं होतं, हे त्या रात्री मला पुरतं कळलं.

नंतरचे सात महिने काय केलं, तेच तुझ्या "रोजच्या रोज" या प्रश्नाचं उत्तर. आधी घरोघर चालत गेले आणि नव्याने मोजणी केली. या वेळी दोन्ही वस्त्यांतली एकेक बाई बरोबर घेतली, म्हणजे आकडा कुणाला खोटा म्हणता येईना. संस्थेच्या वरिष्ठांशी भांडून दुसऱ्या विहिरीचे पैसे आणले. ती कुठे खणायची हे ठरवायला चार बैठका लागल्या आणि त्यातल्या दोन मोडल्या. मग दोन्ही विहिरींची एकच समिती झाली, निम्म्याहून जास्त बायका. त्या समितीत १९९० चा विषय कधी निघाला नाही, आणि मीही काढला नाही. दोर कुणी आणायचा, क्लोरीन कधी टाकायचं, रोज्यांच्या महिन्यात पहाटेची पाळी कुणाला, नाताळच्या आठवड्यात कुणाला. एवढंच बोलणं. वर्ष उलटल्यावर एकदा हिशेब लिहिताना एका तमिळ बाईने शेजारच्या बाईला खाली मान घालून सांगितलं, "तुमच्या अंगणातली चिंच आम्ही तोडली. त्या वर्षी सरपण नव्हतं." दुसरी काही बोलली नाही. पण पुढच्या बैठकीलाही ती आली, आणि त्याच जागेवर बसली.

याद्यांबद्दल मला आपल्या गावातूनही कळायला हवं होतं. माझी आई पानशेतच्या पुरातली. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांत तिचं भाड्याचं बिऱ्हाड वाहून गेलं, आणि पुढची काही वर्षं ते लोक गोखलेनगरच्या निसेन हटमध्ये, म्हणजे अर्धगोल छपराच्या तात्पुरत्या घरांत, राहिले. पूर कसा आला हे ती कमी सांगायची. पूरग्रस्तांच्या यादीत भाडेकरूचं नाव लागावं म्हणून आजोबांनी किती खेटे घातले, आणि त्यावरून सख्ख्या शेजाऱ्याशी अबोला कसा झाला, ते मात्र तिला शेवटपर्यंत आठवत होतं. मी ती गोष्ट शंभरदा ऐकून मन्नारला गेले आणि तरी चुकले.

या क्षेत्रात १९९० च्या दशकात एक पद्धत तयार झाली, तिला "डू नो हार्म" म्हणतात. आपण दिलेल्या मदतीने अपाय होऊ नये, हा तिचा गाभा. तू कुठेही गेलीस तरी प्रशिक्षणात ती शिकवतील: या गावात तोडणारं काय आहे आणि जोडणारं काय आहे, हे आधी शोध, आणि तुझा प्रत्येक निर्णय त्यातल्या कशाला खतपाणी घालतो ते बघ. तक्ते भरायला लावतील. तक्ते भर, पण सकाळी पाचला नळावर, संध्याकाळी पिठाच्या गिरणीवर जाऊन बसल्याशिवाय ते भरू नकोस.

आता दुसरा प्रश्न, एकत्र बसवून काही होतं का. होतं, पण आपल्याला वाटतं तेवढं नाही, आणि कधीकधी नको तेही होतं.

इराकमध्ये मोसुलजवळ कराकोश नावाचं ख्रिस्ती वस्तीचं गाव आहे. २०१४ मध्ये आयसिसने ते घेतलं आणि लोक परागंदा झाले. नंतर त्या विस्थापित ख्रिस्ती तरुणांच्या फुटबॉल स्पर्धा भरवल्या गेल्या. काही संघांत चिठ्ठ्या टाकाव्यात तसे मुसलमान खेळाडू घातले, काही संघ निव्वळ ख्रिस्ती ठेवले, आणि पुढे काय होतं ते पाहिलं. हा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मिश्र संघात खेळलेली मुलं पुढच्या हंगामात पुन्हा मिश्र संघ निवडायला तयार होती, सहा महिन्यांनीही मुसलमान खेळाडूंबरोबर सराव करत होती. पण मुसलमानबहुल मोसुलला जाऊन तिथल्या हॉटेलात जेवायचं म्हटलं, तर त्यांच्यात आणि इतरांत फारसा फरक नव्हता. मैदानावरचा विश्वास मैदानापुरता राहिला. मला हा निकाल निराश करणारा वाटत नाही. मन्नारमध्येही विहिरीवरचा विश्वास विहिरीपुरताच होता. म्हणूनच एक विहीर पुरत नाही. बाजार लागतो, शाळा लागते, बसचा थांबा लागतो, दवाखाना लागतो, आणि या प्रत्येक जागी दोघांनाही एकमेकांची गरज पडावी लागते.

दुसरं उदाहरण तू नीट लक्षात ठेव. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये १९९१ ते २००२ यादवी झाली. नंतर गावोगाव सभा घेतल्या गेल्या. ज्याच्यावर अत्याचार झाला त्याने सगळ्यांसमोर सांगायचं, ज्याने केला त्याने कबूल करून माफी मागायची. दोनशे गावांमध्ये याचा अभ्यास झाला आणि तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे सभा झाल्या तिथे माफ करणारे वाढले, लोक गावच्या कामाला जास्त येऊ लागले. पण त्याच गावांत उदासी, चिंता आणि आघाताची लक्षणंही वाढली, आणि अडीच वर्षांनंतर मोजलं तरी ती होतीच. गावाचं भलं झालं आणि त्याची किंमत तिथल्या माणसांनी आपल्या मनाने भरली. त्यामुळे "लोकांना बोलतं करू" असं कुणी उत्साहाने म्हणालं की मी आधी विचारते, त्या रात्री ती बाई घरी गेल्यावर तिच्याजवळ कोण असेल? पुढच्या आठवड्यात कोण असेल? समुपदेशनाची सोय नसेल तर ती सभा घेऊ नका. यावर मी तडजोड करत नाही, आणि यासाठी एकदा नोकरीही सोडली आहे.

नेपाळमध्ये हे वेगळ्या रूपात भेटलं. १९९६ ते २००६ या दहा वर्षांच्या माओवादी संघर्षात सुमारे १७ हजार माणसं गेली, आणि तेराशेहून जास्त बेपत्ता झाली ती आजही बेपत्ता आहेत. तराईतल्या बर्दिया जिल्ह्यात, थारू आदिवासींच्या घरांमध्ये हे प्रमाण फार मोठं. मदतीच्या अर्जात नवऱ्याच्या नावापुढे "मृत" लिहायचं की "बेपत्ता"? मृत लिहिलं तर सासरचे म्हणणार, सिंदूर पूस, चुडा उतरव. बेपत्ता लिहिलं तर जमीन नावावर होत नाही. तुला-मला हे समजावून सांगायला नको, कुंकवाचा हिशेब आपल्याकडेही तसाच आहे. आमच्या बचतगटात सैन्याने नेलेल्यांच्या बायका होत्या आणि माओवाद्यांनी मारलेल्यांच्याही. बाहेरून आलेले पाहुणे दर वेळी विचारायचे, "यांच्यात समेट झाला का?" त्या महिन्याला शंभर रुपये भरत होत्या आणि एकमेकींना जामीन राहत होत्या. त्यांच्याकडून याहून जास्त मागायचा मला अधिकार नव्हता. बेपत्तांचा शोध घ्यायला सरकारने २०१५ मध्ये आयोग नेमला. त्याच्याकडे अर्ज देऊन त्या अजून थांबल्या आहेत. न्याय अडकलेला असताना सलोख्याचं घोडं पुढे दामटणं म्हणजे त्या बायकांना गप्प बसा म्हणण्यासारखं आहे, असं माझं ठाम मत आहे.

भांडण पेटण्याआधी ओळखायचं कसं, हे तू विचारलेलं नाहीस, पण "भांडण पुन्हा पेटू नये" असं म्हणालीस म्हणून सांगते. बोडो पट्ट्यात जुलै २०१२ मध्ये बोडो आणि बंगाली मुसलमान यांच्यात हिंसाचार झाला आणि चार लाखांहून अधिक माणसं छावण्यांत गेली. मी तिथे नंतर पोहोचले. तिथल्या जुन्या कार्यकर्त्यांनी मला आठवड्याचा हाट बघायला शिकवलं. कुठली बाई भाजी घेऊन बसायची ती आज का नाही? आधी दुपारी चारपर्यंत चालणारा बाजार बाराला का उठतो? उधारी बंद का झाली? उधारी बंद होणं ही मला कळलेली सगळ्यात खात्रीची खूण आहे. माणसं महिन्याभराने एकमेकांना भेटतील याची शाश्वती गेली की दुकानदार रोख मागतो.

पण बाजार आपोआप जोडतो असंही समजू नकोस. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला आठवडे बाजाराच्याच दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती. ते पाच जण पोट भरायला आलेले भटके, तिथे त्यांना ओळखणारं कोणी नव्हतं. "हे आमचे आहेत, मी यांना ओळखतो" असं म्हणणारा एक माणूस त्या बाजारात असता तर! आपल्या कामाचा मोठा भाग असा माणूस प्रत्येक ठिकाणी आधीपासून असावा, यासाठी असतो. भिवंडीत १९८४ ची दंगल झाली, नंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची साधी माणसं आणि पोलीस, काही घडलेलं नसतानाही नियमित भेटायचे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. "काही घडलेलं नसतानाही" हे शब्द अधोरेखित कर. याच कामासाठी पैसे मिळवणं सगळ्यात कठीण असतं, कारण न झालेल्या दंगलीचा फोटो अहवालात लावता येत नाही.

शिरायचं कसं, हे थोडक्यात. तू आत्ता जिथे आहेस तिथे अजून दोन वर्षं काढ. येरवड्यातला नळ, सार्वजनिक संडासाची किल्ली, गणपतीची वर्गणी आणि मोहरमची मिरवणूक यांचा माग ठेवायला शिकलीस, तर मन्नारला लागणारं निम्मं कौशल्य हातात आलं. दुसरं, एक भाषा शीक. दुभाष्याच्या आधाराने हे काम होत नाही, कारण दुभाषासुद्धा कुठल्या तरी बाजूचा असतो. देवनागरी येत असल्याने नेपाळी तुला लवकर जमेल. तिसरं, हिशेब शीक. तुला हसू येईल, पण गावात विश्वास बसतो तो पावती दाखवणाऱ्यावर. शिक्षण पुढे घ्यायचं असेल तर सावित्रीबाई फुले विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग आहे, दिल्लीला जामिया मिलियात शांतता आणि संघर्ष-निराकरणाचं केंद्र आहे. पुण्यातच सिंबायोसिसमध्ये रोटरीचं शांतता केंद्रही आहे, पण ते अनुभव गाठीशी असलेल्यांसाठी, म्हणजे तुला पुढे कधीतरी. यूएन व्हॉलंटियर्स, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवकांच्या यादीत नाव नोंदवून ठेव. आणि पुण्याच्या "सरहद" या संस्थेने काश्मिरी मुलांना इथे आणून शिकवलं, ते काम जाऊन बघ. दूरच्या संघर्षातलं मूल आपल्या शहरात वाढवताना काय काय लागतं, ते तिथे कळेल.

पगाराबद्दल स्वप्नं बाळगू नकोस. करार बहुतेक वर्षभराचे किंवा त्याहून लहान. प्रकल्प संपला की संस्था उठते आणि गाव विचारतं, आता तुम्ही कुठे चाललात. त्याचा त्रास होतो. मला दुसऱ्या वर्षी झोप येईना, मी वर्षभर कुणाला सांगितलं नाही, ते चुकलं. मुलाखतीत न लाजता विचार की कर्मचाऱ्यांना समुपदेशन मिळतं का, आणि दर किती महिन्यांनी सुट्टीवर पाठवता.

घरच्यांचं. माझे वडील दोन महिने बोलले नव्हते. त्यांना शांततेबद्दल बोलून काही पटलं नसतं. त्यांना तीन गोष्टी हव्या होत्या: मी कुठल्या खोलीत राहणार, आजारी पडले तर कोण नेणार, परिस्थिती बिघडली तर मला कोण आणि कसं बाहेर काढणार. खरं तर हेच प्रश्न कुठल्याही कर्मचाऱ्याने संस्थेला विचारले पाहिजेत. करारात विमा आहे का, त्यात युद्धक्षेत्र वगळलं आहे का, बाहेर काढण्याची लेखी व्यवस्था आहे का, हे वाच. "ते बघू आपण" असं म्हणणाऱ्या संस्थेत जाऊ नकोस, मग काम कितीही चांगलं असो. आणि नीट असेल तर तो कागद मराठीत लिहून काढ, बाबांसमोर ठेव, आणि संस्थेच्या तिथल्या प्रमुखाशी त्यांचं एकदा फोनवर बोलणं करून दे. माझ्या वडिलांनी तो कागद चष्मा लावून दोनदा वाचला आणि खाली आपला फोन नंबर स्वतःच्या हाताने लिहून दिला.